ज्याची त्याची पायरी

बालाघाटच्या डोंगररांगेंतील एखाद्या खेड्यांत जून महिन्याच्या मध्यास प्राथमिक शाळा उघडते. पहिला पाऊस पडून गेलेला असतो, अंगणांत चिखल असतो आणि चौथीच्या वर्गांत नव्या पुस्तकांचा वास दरवळत असतो. गुरुजी मराठीचें पुस्तक उघडून पहिला धडा वाचावयास सांगतात. पुढच्या रांगेंतील मुलगी तो घडाघडा वाचून दाखविते. तिच्या शेजारचा मुलगा एकेक शब्द सुटा करून वाचतो आणि वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोंचतांना त्याचा आरंभ विसरून जातो. तिसऱ्या मुलाला अक्षरें ओळखतां येतात. परंतु काना, मात्रा, वेलांटी आली कीं तो अडखळतो. मागच्या भिंतीशीं बसलेला चौथा मुलगा वाचीतच नाहीं. शेजाऱ्याच्या ओठांकडे पाहून तो आपले ओठ हलवितो. चौघांची इयत्ता एक आहे, चौघांच्या दप्तरांत पुस्तकही एकच आहे. परंतु वाचनाच्या जिन्यावर चौघें चार वेगळ्या पायऱ्यांवर उभीं आहेत.

हें चित्र कल्पिलेलें असलें तरी खोटें नाहीं. १९९५ सालीं मुंबईंत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानें २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागांत 'असर' नांवाची एक पाहणी होत आली आहे. पाहणी करणारा मनुष्य घरीं जातो आणि मुलासमोर एक साधा कागद ठेवतो. त्या कागदावर कांहीं सुटीं अक्षरें, कांहीं सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा एक परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक लहानशी गोष्ट, एवढेंच छापलेलें असतें. मूल जेथपर्यंत वाचतें, ती त्याची पायरी. सरकारी शाळांत तिसरींत बसणाऱ्या मुलांपैकीं ती दुसरीची गोष्ट वाचूं शकणारीं मुलें २०१८ सालीं देशभरांत शेंकडा २०.९ होतीं. करोनाच्या सांथींत शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ सालीं तें प्रमाण १६.३ वर घसरलें आणि २०२४ सालीं २३.४ पर्यंत चढलें. म्हणजे यांतला सर्वांत चांगला आंकडा धरला, तरी तिसरीच्या चार मुलांपैकीं तीन मुलांना मागच्या इयत्तेची गोष्ट वाचतां येत नव्हती. पांचवीचा आंकडाही २०२४ सालीं शेंकडा ४४.८ एवढाच होता. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला गणिताचें उदाहरण कळत नाहीं, भूगोल कळत नाहीं, आणि हळूहळू शाळाच कळेनाशी होते.

बीड जिल्ह्यांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेंतील, खडकाळ आणि कोरडवाहू आहे. खरिपाचें पीक हातीं आलें कीं शेतांत काम उरत नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेलीं कुटुंबें टोळ्या करून निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रांतील किंवा कर्नाटकांतील साखर कारखान्यांच्या कार्यक्षेत्रांत ऊसतोडणीस जातात. नवराबायकोची जोडी मिळून तेथें एक 'कोयता' मोजला जातो. फडाच्या जवळ कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या अंधारांत तोडणी सुरू होते, मोळ्या बांधल्या जातात, गाड्या भरल्या जातात; आणि कोपींत थोरली बहीण धाकट्या भावंडास सांभाळीत बसते. गळीत संपून कुटुंब गांवीं परततें, तोंवर पाडव्याची गुढी उभारण्याचे दिवस आलेले असतात आणि शाळेचें वर्ष सरत आलेलें असतें.

याचा हिशेब कोणालाही मांडतां येईल. शाळेचें वर्ष दहा महिन्यांचें धरलें आणि गळिताचा हंगाम पांच महिन्यांचा धरला, तर दर वर्षीं फडावर जाणारें मूल पहिली ते चौथी या चार वर्षांत वीस महिने शाळेबाहेर राहतें. चार इयत्तांपैकीं दोन इयत्ता त्यानें पाहिलेल्याच नसतात. हजेरीपटावर मात्र तें चौथींत असतें. मागच्या भिंतीशीं बसून ओठ हलविणारा मुलगा मंदबुद्धीचा असतो असें नाहीं. त्याच्या जिन्याच्या मधल्या पायऱ्याच कोणी बांधलेल्या नसतात.

एका वर्गांतील मुलांना वेगवेगळ्या पायऱ्यांवरून वर नेणें ही कल्पना यंत्रयुगांतील नव्हे. तेव्हांच्या ठाणें जिल्ह्याच्या किनारपट्टींत बोर्डी येथें १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. पुढें १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें तेथें जे प्रयोग झाले, त्यांत 'कुरणशाळा' हा एक होता. गुरें राखणारें मूल शाळेंत येऊं शकत नाहीं, तर शाळेनें कुरणांत जावें, हा त्यामागील सरळ विचार. मुलाची पायरी ओळखावी, आणि तें जेथें असेल तेथें जाऊन त्याला शिकवावें, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे व्यक्तिगत शिक्षण होतें. आज संगणकाच्या साहाय्यानें जें साधूं पाहिलें जात आहे, त्याची कसोटीही याच दोन गोष्टींनीं घ्यावयास हवी.

यंत्राच्या बाजूनें या कथेचा आरंभ अमेरिकेंत होतो. १९५३ सालीं मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर हे आपल्या मुलीच्या शाळेंत गणिताचा तास पाहावयास गेले. सगळा वर्ग एकच उदाहरण सोडवीत होता. कांहीं मुलें केव्हांच मोकळीं होऊन चुळबूळ करीत होतीं, कांहीं घामाघूम झालीं होतीं, आणि उत्तर बरोबर कीं चूक हें कोणालाच तत्काळ कळत नव्हतें. स्किनर यांनीं घरीं येऊन एक शिकविणारी पेटी तयार केली. तींत एका वेळीं एकच प्रश्न दिसे, उत्तराची पारख लगेच होई, आणि प्रत्येक मूल आपल्या गतीनें पुढें सरके. पुढें १९६६ सालीं स्टॅन्फर्ड विद्यापीठाचे पॅट्रिक सप्स आणि रिचर्ड ॲटकिन्सन यांनीं कॅलिफोर्नियांतील ब्रेंटवुड या शाळेंत पहिलीच्या मुलांसाठीं संगणक बसविले. कांहीं मुलें त्यावर गणित शिकत, कांहीं वाचन. त्या काळचा संगणक खोली भरून टाकणारा असे. आज त्याहून किती तरी समर्थ यंत्र तळहातावर मावतें. परंतु मूळ कल्पना तेव्हांची ती आजही आहे.

ती कल्पना समजण्यासारखी आहे. संगणकाला क्रमानें द्यावयाच्या आज्ञांच्या मालिकेला आज्ञावलि म्हणतात. बोलण्यांत तिलाच प्रोग्राम किंवा ॲप म्हणतात. वाचन शिकविणारी आज्ञावलि मुख्यतः तीन कामें करते. पहिलें काम पायरी शोधण्याचें. ती मुलापुढें कांहीं अक्षरें, शब्द आणि वाक्यें ठेवते व तें कोठें थांबतें हें पाहते. दुसरें काम नोंद ठेवण्याचें. कोणतें अक्षर चुकलें, किती वेळां चुकलें, कोणत्या शब्दापाशीं किती वेळ गेला, हें सर्व ती न विसरतां टिपून ठेवते. तिसरें काम पुढचा पाठ निवडण्याचें. ज्याचें 'घ' आणि 'ध' यांत घोटाळणें चालू आहे त्याच्यापुढें तीं अक्षरें असलेले शब्द पुन्हां पुन्हां येतात, आणि ज्याला तीं पक्कीं झालीं त्याला ती त्यांत अडकवून न ठेवतां पुढें नेते. चांगला शिक्षकही हेंच करतो. फरक इतकाच कीं, दोन शिक्षक आणि चार इयत्ता असलेल्या शाळेंत तो हें प्रत्येक मुलासाठीं दररोज करूं शकत नाहीं. त्याला चाळीस मुलांचीं चाळीस टांचणें ठेवावीं लागतील, आणि तीं लिहितांनाच तास संपेल.

वाचनाच्या बाबतींत एक अडचण मात्र मोठी होती. गणिताचें उत्तर बोटानें दाबतां येतें. वाचन तोंडानें करावयाचें असतें, आणि यंत्राला कान नव्हते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठांत जॅक मोस्टो आणि त्यांचे सहकारी यांनीं मुलाचें वाचन ऐकणारी आज्ञावलि तयार केली. तिची युक्ति अशी. मूल काय वाचणार आहे हें यंत्राला आधींच ठाऊक असतें, कारण वाक्य पडद्यावर त्यानेंच दाखविलेलें असतें. म्हणून वाटेल तें बोलणें ओळखण्याचें कठीण काम त्याच्यावर पडत नाहीं. मुलाच्या आवाजाचे अत्यंत लहान तुकडे करून ते अपेक्षित शब्दाच्या ध्वनींशीं जुळतात कीं नाहीं, एवढेंच तें ताडून पाहतें. जुळले तर पुढें जातें; मूल थांबलें तर तो शब्द स्वतः उच्चारून दाखवितें. याच मार्गानें गूगल कंपनीनें २०१९ च्या मार्चमध्यें 'बोलो' नांवाचें ॲप भारतांत आणलें. प्रथम तें हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत होतें; २०२० सालीं 'रीड अलाँग' या नव्या नांवानें तें नऊ भाषांत निघालें व त्यांत मराठी होती. गोष्टी एकदां उतरवून घेतल्या कीं मग इंटरनेट नसतांनाही त्या वाचतां याव्यात अशी त्यांत सोय होती. ही सोय शहरांतील घराला किरकोळ वाटेल. फडावरच्या कोपीच्या दृष्टीनें तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

तथापि इंग्रजीसाठीं केलेली आज्ञावलि मराठीला जशीच्या तशी चालत नाहीं. इंग्रजींत मुलाला अक्षरें थोडीं शिकावीं लागतात, परंतु त्यांचे उच्चार शब्दागणिक बदलतात. मराठींत उच्चार बहुतेक ठिकाणीं ठरलेला. मात्र चिन्हें पुष्कळ. ऱ्हस्व वेलांटी लिहितांना व्यंजनाच्या आधीं येते आणि बोलतांना नंतर. 'र' हें एकच अक्षर 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'दुसऱ्या' या शब्दांत चार वेगवेगळीं रूपें घेतें. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जगणें' यांतला 'ज' लिहिण्यांत एक असला तरी बोलण्यांत निराळा आहे. म्हणून मराठी मुलाच्या चुका कोठें होतात याचें ज्ञान ज्याला नाहीं, त्यानें केलेली आज्ञावलि कितीही चकचकीत असली तरी ती मुलाला योग्य पायरी दाखवूं शकणार नाहीं. फलटण येथें १९८४ सालीं प्रगत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेंत जन्मलेल्या आणि मराठीच्या झालेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनीं मुळाक्षरांची सबंध माळ आधीं पाठ करून घेण्याऐवजीं थोडीं अक्षरें आणि त्यांबरोबरच स्वरचिन्हें शिकवून मुलांना लगेच अर्थपूर्ण शब्द वाचावयास लावण्याचा मार्ग चोखाळला. संगणकाच्या आज्ञावलीला अशाच अनुभवी शिक्षकांच्या वह्यांतून आपला क्रम घ्यावा लागतो. यंत्र क्रम पाळूं शकतें; क्रम कोणता असावा, हें त्याला कोणी तरी सांगावें लागतें.

आतां या यंत्रांनीं मुलांचा खरोखर फायदा होतो कीं काय, हा प्रश्न. सुदैवानें त्याचें उत्तर अंदाजानें देण्याची आवश्यकता नाहीं. बडोदें शहरांत २००२ ते २००४ या काळांत एक मोठा प्रयोग झाला. महानगरपालिकेच्या शाळांत सरकारनें दिलेले चार-चार संगणक होते. चौथीच्या मुलांना आठवड्यांतून दोन तास, दोघांना एक याप्रमाणें, संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले. त्यांतला एक तास शाळेच्या वेळेंतला होता आणि दुसरा शाळा भरण्यापूर्वींचा किंवा सुटल्यानंतरचा. त्या मुलांची गणितांतील प्रगति इतर शाळांतील मुलांहून स्पष्टपणें अधिक झाली. परंतु दोन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. गणिताच्या त्या खेळांनीं मुलांचें भाषेंतील ज्ञान वाढलें नाहीं. आणि खेळ थांबल्यावर वर्षभरांत गणितांतील लाभाचाही पुष्कळ भाग ओसरला. त्याच सुमारास बडोदें आणि मुंबई येथें 'बालसखी' हा दुसरा प्रयोग चालला होता. वस्तींतीलच एखादी शिकलेली तरुणी मागें पडलेल्या पंधरावीस मुलांना दररोज दोन तास वेगळें घेऊन बसे व त्यांना मूळ वाचन आणि हिशेब शिकवी. तेथेंही मुलें पुढें गेलीं. या प्रयोगांचें मोजमाप करणाऱ्यांपैकीं अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांना पुढें २०१९ सालीं मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. बॅनर्जी हे मुंबईंत जन्मलेले व मराठी मातेचे पुत्र आहेत, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

याहून डोळे उघडणारा प्रयोग गुजराथेंतील 'ज्ञानशाला' या संस्थेच्या शाळांत झाला. त्याचे निष्कर्ष २००८ सालीं ली लिंडन यांनीं मांडले. एका गटांत संगणक शिक्षकाच्या तासाच्या जागीं वापरला गेला. दुसऱ्या गटांत तोच शाळेच्या वेळेबाहेर, शिक्षकाच्या तासाला जोड म्हणून वापरला गेला. आज्ञावलि तीच, मुलें तशींच. जेथें यंत्र शिक्षकाच्या जागीं बसलें तेथें मुलें मागें गेलीं. जेथें तें शिक्षकाच्या पाठीशीं उभें राहिलें तेथें मुलें, विशेषतः मागें पडलेलीं मुलें, पुढें गेलीं. दिल्लींत 'माइंडस्पार्क' या आज्ञावलीवर झालेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत वरच्या इयत्तांच्या मुलांना गणितांत आणि हिंदींत दोहोंतही चांगला लाभ झाला. परंतु तेथें पाऊण तास यंत्रापुढें बसलेलें मूल पुढचा पाऊण तास एका शिक्षकाच्या लहान गटांत बसत होतें. त्याच अभ्यासांत असेंही दिसलें कीं, एका इयत्तेंत बसलेल्या मुलांच्या खऱ्या तयारींत पांच-सहा इयत्तांचें अंतर असूं शकतें. या सर्वांचें तात्पर्य एका वाक्यांत सांगतां येतें. संगणक हा शिक्षकाचा हात आहे. त्याला शिक्षकाच्या खुर्चीवर बसविलें कीं तो मुलाचें नुकसान करतो.

असें कां व्हावें, याचें कारण बीडच्याच एका उदाहरणावरून कळेल. गांवांतील मूल पडद्यावरचा 'पाणी' हा शब्द पाहतें आणि 'पानी' असें वाचतें. त्याच्या घरीं, शिवारांत, पाणवठ्यावर तो शब्द तसाच बोलला जातो. मुलानें अक्षरें ओळखलीं आहेत, काना आणि वेलांटी बरोबर वाचली आहे, अर्थही त्याला कळला आहे. गुरुजी हें ऐकून समजतात कीं वाचन बरोबर आहे. उच्चार पुढें केव्हां तरी सुधारतां येईल. परंतु पुस्तकी उच्चारावर बेतलेलें यंत्र तो शब्द चुकला म्हणून नोंदण्याचा संभव असतो, आणि मग तें त्या मुलाला त्याच पायरीवर पुन्हां पुन्हां उभें करतें. तांड्यावर राहणाऱ्या बंजारा मुलाची घरची भाषा तर मराठीहून वेगळी आहे. त्याला शब्द वाचतां आला तरी त्याचा अर्थ सांगणारें कोणी तरी जवळ लागतें. यंत्र चूक मोजतें. ती चूक कशाची आहे, तें माणसाला ओळखावें लागतें.

दुसरा धोका वेगाच्या मोजणीचा. २०२१ सालीं सुरू झालेल्या 'निपुण भारत' या राष्ट्रीय कार्यक्रमांत तिसरीच्या मुलानें मिनिटास निदान साठ शब्द समजून वाचावेत असें उद्दिष्ट ठेवलें आहे. त्यांतला 'समजून' हा शब्द मोलाचा आहे. शब्द मोजणें यंत्राला सोपें जातें, समज मोजणें कठीण जातें. आणि जें सहज मोजतां येतें त्याच्याच मागें धांवण्याची खोड यंत्राइतकीच माणसालाही आहे. पडद्यावर तारे मिळविण्यासाठीं मूल भराभर वाचूं लागलें आणि गोष्टींतील म्हातारी कां रडली हें त्याला सांगतां आलें नाहीं, तर त्याचें वाचन झालें असें कोण म्हणेल? धडा संपल्यावर 'मग पुढें काय झालें?' असें विचारणारा कोणी जवळ असला, म्हणजे तोच धडा वाचन होतो.

अंबाजोगाईच्या दासोपंतांनीं आपला 'पंचीकरण' हा ग्रंथ कापडाच्या लांबलचक पासोडीवर लिहिला, आणि ती पासोडी त्या गांवाचें भूषण होऊन राहिली आहे. दगडावर, ताडपत्रावर, कापडावर, कागदावर आणि आतां कांचेवर, असा अक्षरांचा प्रवास झाला आहे. अक्षर ज्यावर उमटतें ती वस्तु बदलली म्हणून अक्षर वाईट होत नाहीं किंवा आपोआप चांगलेंही होत नाहीं. दासोपंतांच्या पासोडीचा एक गुण मात्र आजच्या कामाला लागणारा आहे. ती गुंडाळून बरोबर नेतां येते.

बीडच्या मुलाच्या दृष्टीनें व्यक्तिगत शिक्षणाचा खरा कस येथेंच लागतो. महाराष्ट्रांत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठीं कांहीं व्यवस्था झालेल्या आहेत. मुलाला गांवींच ठेवून घेणारीं हंगामी वसतिगृहें निघालीं. कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा भरल्या. मूल दुसऱ्या गांवच्या शाळेंत विनासायास बसावें म्हणून शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धति सुरू झाली. या सर्वांत एक दुवा अनेकदां निसटतो. नव्या शाळेंतील गुरुजींना मुलाचें नांव आणि इयत्ता कळते, पण पायरी कळत नाहीं. तें कोठपर्यंत वाचतें, कोणत्या जोडाक्षराशीं अडतें, हें गांवच्या गुरुजींना ठाऊक असतें आणि तें ज्ञान गांवींच राहतें. पाडव्यानंतर मूल परततें तेव्हां त्यानें फडावर काय मिळविलें अथवा गमावलें, हें पुन्हां कोणाला माहीत नसतें. दर वर्षीं दोन वेळां त्याचा जिना पहिल्या पायरीपासून सुरू होतो.

संगणकाची जी शक्ति सर्वांत कमी वाखाणली जाते, ती येथें उपयोगी पडण्याजोगी आहे. ती म्हणजे त्याची न विसरणारी नोंदवही. आज्ञावलीनें टिपलेली मुलाची पायरी त्याच्या बरोबर फडावर जाऊं शकते आणि त्याच्या बरोबर परत येऊं शकते. बापाच्या खिशांतील मोबाईलवर दहा गोष्टी आधींच उतरवून दिलेल्या असल्या, रात्रीं जेवण झाल्यावर बहीण-भावंडांनीं त्यांतली एक मोठ्यानें वाचली, आणि साखरशाळेंतील शिक्षिकेला त्यांच्या वाचनाची नोंद दिसली, तर वीस महिन्यांची खाचर निदान कांहीं अंशीं बुजेल. ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नाहीं. घरांत मोबाईल एकच असतो आणि तो मुकादमाच्या निरोपासाठीं बापाजवळ असावा लागतो. कोपींत विजेची सोय असतेच असें नाहीं. दिवसभर ऊस तोडून आलेल्या आईला डोळे उघडे ठेवणें कठीण जातें. गांवच्या शाळेंतही वीजबिल थकल्यामुळें खोलींतील पडदा काळाच राहिल्याचीं उदाहरणें दुर्मिळ नाहींत. म्हणून यंत्र देणें हें काम अर्धें आहे. त्याला वीज देणें, तें बिघडल्यास दुरुस्त करणें आणि त्याच्या शेजारीं बसणारें माणूस नेमणें हें उरलेलें अर्धें.

शाळेसाठीं एखादी आज्ञावलि विकत घ्यावयाची झाली, किंवा शहरांतील एखाद्या मंडळानें आपल्या देणगींतून खेड्यांतील शाळेला टॅबलेट द्यावयाचे ठरविलें, तर चार प्रश्न विचारून पाहावेत. शिकविण्यापूर्वीं ही आज्ञावलि मुलाची पायरी ओळखते काय, कीं सर्वांना एकाच धड्यापासून पळविते? त्या गांवची मराठी तिच्या कानाला परिचित आहे काय? मुलाची नोंद, ती खासगी राखून, त्याच्या बरोबर दुसऱ्या शाळेंत जाऊं शकते काय? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : ही आज्ञावलि गुरुजींचा वेळ वांचवून तो मागच्या भिंतीशीं बसलेल्या मुलाला देते काय, कीं नवे तक्ते भरावयास लावून त्यांचा उरलासुरला वेळही घेते? या चारांपैकीं दोहोंचीं उत्तरें नकारार्थी आलीं, तर त्या पैशांत गोष्टींचीं पुस्तकें आणि एखादी बालसखी ठेवणें अधिक शहाणपणाचें ठरेल. मुंबई आणि बडोदें येथील अनुभव त्याला साक्ष आहे.

शहरांतील सुशिक्षित घरांनाही यांतून घेण्याजोगें कांहीं आहे. तेथें मुलाच्या हातांत टॅबलेट देऊन आईबाप आपापल्या कामाला लागतात, आणि मूल वाचावयास शिकत आहे असें समाधान मानतात. तीं दहा मिनिटें शेजारीं बसून ऐकलें आणि शेवटीं एक प्रश्न विचारला, तर यंत्राचा उपयोग दुप्पट होतो. फडावरच्या आईला तीं दहा मिनिटें मिळत नाहींत. शहरांतल्या आईबापांना तीं बहुधा मिळतात, पण काढलीं जात नाहींत.

मागच्या भिंतीशीं बसलेला मुलगा अद्यापि ओठ हलवीत बसलेला आहे. त्याच्यापुढें एक लहानसा पडदा ठेवला आणि त्यावर चौथीच्या धड्याऐवजीं तीन अक्षरांचा एक शब्द उमटला, तर तो प्रथम इकडे तिकडे पाहील. आपली चूक सबंध वर्गाला ऐकूं जात नाहीं अशी खात्री पटल्यावर तो हळूच वाचील. यंत्र त्याला हंसत नाहीं, कंटाळत नाहीं आणि दहाव्या वेळींही पहिल्या वेळेइतकेंच शांत असतें. एवढें श्रेय त्याला दिलें पाहिजे. परंतु तो शब्द बरोबर आल्यावर मुलगा मान वर करून पाहतो, तो यंत्राकडे नव्हे. तो गुरुजींकडे पाहतो. त्या क्षणीं गुरुजी त्याच्याकडे पाहत असले, तर दुसरी पायरी त्याला फार उंच वाटणार नाहीं.

दिवाळी झाली कीं टोळ्या पुन्हां निघतील. शहरांतल्या घराघरांत चहाच्या पेल्यांत विरघळणारी साखर ज्या उसाची असते, त्यांतला कितीतरी ऊस या मुलांच्या आईबापांनीं तोडलेला असतो. त्या गाड्यांत भांडीं, अंथरुणें, कोयते आणि मुलें चढतील. मुलांची पायरीही त्यांच्या बरोबर गाडींत चढावी, एवढीच व्यवस्था करावयाची राहिली आहे.